नऊ जणांची शपथ

सर्व स्तुती अल्लाहसाठीच, आणि दरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.



कुरआनने समूद राष्ट्राची हकीकत अनेक ठिकाणी सांगितली आहे. हे लोक दरिद्री नव्हते. सपाटीवर महाल बांधणारे आणि डोंगर कोरून घरे करणारे ते कुशल व संपन्न लोक होते. हजरत सालेह (अ.) त्यांच्यातच प्रेषित म्हणून आले. सूरह नम्लमध्ये (२७ : ४८-४९) त्यांच्या शहराविषयी एक तपशील येतो. त्या शहरात नऊ जण असे होते, की जे भूमीवर बिघाड माजवीत आणि सुधारणेचे कोणतेही काम करीत नसत. मूळ शब्द ‘रहत’ असा आहे. दहाच्या आतील माणसांच्या जथ्याला अरबीत ‘रहत’ म्हणतात. म्हणून काही भाष्यकारांनी हे नऊ जण म्हणजे नऊ टोळ्यांचे म्होरके असा अर्थ घेतला आहे. हे नऊ जण एकत्र जमले आणि त्यांनी एकमेकांना अल्लाहची शपथ घ्यायला लावली. बेत असा ठरला, की सालेह (अ.) व त्यांच्या घरच्यांवर रात्री हल्ला करायचा. पुढे त्यांच्या वारसाने जाब विचारलाच, तर सांगायचे की आम्ही तेथे नव्हतोच, आणि आम्ही खरे तेच सांगत आहोत.

मोजकी माणसे, आपसांतील शपथ, रात्रीची वेळ आणि आधीच ठरवून ठेवलेले खोटे. आजच्या कोणत्याही शहरातील टोळीच्या गुन्ह्याचा हाच आराखडा असतो. त्यातही शपथ कोणाच्या नावाची होती ते पाहा. नाव अल्लाहचे आणि काम त्याच्या प्रेषिताच्या खुनाचे! धर्माचे शब्द जिभेवर असणे आणि धर्म अंतःकरणात असणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या एका आयतीवरून कळते.

याच राष्ट्राने अल्लाहची निशाणी म्हणून आलेल्या सांडणीचा घात केला. तेथेही एक सूक्ष्म गोष्ट आहे. सूरह कमरमध्ये (५४ : २९) सांगितले आहे, की लोकांनी आपल्या साथीदाराला हाक मारली आणि मग त्याने ते कृत्य केले. सूरह शम्समध्येही (९१ : १२-१४) उठला तो एकच दुर्दैवी इसम; परंतु घात केल्याचे क्रियापद मात्र अनेकवचनात येते, आणि शिक्षाही सर्वांवर उतरते. वार एका हाताने झाला. त्या हाताला हाक मारणारे, बळ देणारे आणि गप्प राहणारे अनेक होते. आजच्या या निवेदनाचा विषय हाच आहे. आपल्या वाढत्या शहरांत तरुणांच्या ज्या टोळ्या उभ्या राहत आहेत, त्यांत हत्यार उचलणारा मुलगा एक असतो. त्याच्यामागची हाक कोणाची, याचा विचार आपण करायचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही लोक टोळीचा संबंध विशिष्ट जातीशी, धर्माशी किंवा रक्ताशी जोडतात. आपल्यातील काही जणही खाली मान घालून ते मान्य करतात. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील शिकागो शहराची लोकसंख्या १८९० मध्ये सुमारे ११ लाख होती. ४० वर्षांत ती ३३ लाखांच्या पुढे गेली. या वाढीच्या काळात फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञाने तेथील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास करून १९२७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला असे आढळले, की टोळ्या शहरात सर्वत्र सारख्या उगवत नाहीत. कारखाने व रेल्वेचे यार्ड एका बाजूला आणि स्थिरावलेल्या वस्त्या दुसऱ्या बाजूला, यांच्यामधल्या पट्ट्यात त्या वाढतात. जेथे जुने गाव सुटलेले असते आणि नवे शहर अजून आपले झालेले नसते. पुढे क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके या दोघांनी १९४२ मध्ये दाखवून दिले, की त्या पट्ट्यांत आधी जर्मन व आयरिश राहत होते, नंतर पोलिश व इटालियन आले. माणसे बदलली, तरी बालगुन्हेगारीचे प्रमाण त्या जागी चढेच राहिले. जे कुटुंब तेथून निघून चांगल्या वस्तीत गेले, त्याच्या मुलांचा मार्गही बदलला. म्हणजे दोष वंशाचा नव्हता. जेथे घर, शाळा, प्रार्थनास्थळ आणि कामधंदा यांची मुलावरची पकड एकाच वेळी सुटते, तेथे त्याला धरणारा दुसरा हात पुढे येतो.

थ्रॅशरचे आणखी एक निरीक्षण पालकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. टोळी गुन्ह्यासाठी जन्मत नाही. ती खेळगड्यांचा मेळा म्हणून जन्मते. मुले एकत्र खेळतात, भटकतात. मग शेजारच्या गल्लीशी भांडण होते, कोणीतरी हाकलून लावतो, कोणीतरी मारतो, आणि त्या संघर्षात खेळगड्यांची टोळी होते. खेळापासून गुन्ह्यापर्यंतचे हे अंतर काही महिन्यांचे, कधी वर्षांचे असते. तेवढा अवधी आपल्या हाती असतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी व भोसरी ही एकेकाळची गावे. त्यांचे शहर झाले, आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत त्या शहराची लोकसंख्या १० लाखांवरून १७ लाखांवर गेली. शेजारचे पुणेही तसेच वाढले. गेल्या काही वर्षांत याच परिसरातून ‘कोयता गँग’ हे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येऊ लागले. हातात कोयते घेऊन रात्री उभ्या वाहनांच्या काचा फोडणारी, दुकानदारांना धमकावणारी ही टोळकी. आणि पकडलेल्यांत अनेकदा अठरा वर्षांखालची मुले. त्यांत सर्व समाजांची मुले आहेत, आपलीही आहेत. तलवारीने केक कापायचा, त्याची चित्रफीत मोबाइलवर टाकायची, आणि किती जणांनी पाहिली ते मोजत बसायचे, हा एक नवा नाद त्यांना लागला आहे.

या कोयत्याविषयी थोडे बोलले पाहिजे. कोयता हे ऊसतोडीचे अवजार. मराठवाड्यातून दरवर्षी फडावर जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाच मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे ज्या शब्दात दोन माणसांचा हंगामभराचा घाम आहे, तोच शब्द शहरात दहशतीचे नाव झाला. हजरत दाऊद (अ.) राजे असूनही आपल्या हातच्या कमाईचे खात, आणि हाताच्या कमाईहून उत्तम अन्न कोणी खाल्लेले नाही, अशा अर्थाचे प्रेषितांचे (स.) वचन सहीह बुखारीत आहे. हत्याराबाबत त्यांची शिकवण किती काटेकोर होती तेही पाहा. बाजारातून किंवा मस्जिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची पाती हाताने धरावीत, म्हणजे कोणाला ओरखडाही लागणार नाही, असा त्यांचा आदेश होता. आणि जो आपल्या भावाकडे लोखंडी हत्यार रोखतो, तो सख्खा भाऊ का असेना, त्याने ते खाली ठेवीपर्यंत फरिश्ते त्याचा धिक्कार करतात, असे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. लक्षात घ्या, येथे वार झालेला नाही. हत्यार नुसते रोखले आहे. थट्टेत रोखले, तरी ही अवस्था! मग चित्रफितीसाठी ते परजणाऱ्याचे काय?

मराठीचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. टोळीची सारी भाषा घरातून चोरलेली आहे. ‘दादा’ म्हणजे थोरला भाऊ. ‘भाई’ म्हणजे भाऊ. सुपारी फुटते ती सोयरीक ठरताना, आणि सुपारी दिली जाते ती शुभकार्याला वाजंत्री बोलावताना. आज त्याच शब्दाने खुनाचा सौदा होतो. हे शब्द बाहेर गेले, कारण त्यांमागची नाती घरात विरळ झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि बहुतेकांना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकायला मिळाला नाही. त्यानंतर गिरणगावातील कितीतरी तरुण टोळ्यांच्या वळचणीला गेले, हे सर्वश्रुत आहे. बापाच्या हातून नोकरी गेली, नोकरीबरोबर घरातला त्याचा शब्द गेला, आणि मुलाने दुसऱ्याच ‘दादा’चा शब्द मानला. टोळी मुलाला पैसा नंतर देते. आधी ती त्याला नाव देते, भाऊ देते, वडीलधारा देते, आणि ‘तुझ्यासाठी आम्ही आहोत’ असे सांगते. ही भूक खोटी नाही. अल्लाहनेच ती तरुणाच्या स्वभावात घातली आहे.

आपल्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. बगदाद शहर इ. स. ७६२ मध्ये वसवले गेले आणि पाहता पाहता जगातील मोठ्या शहरांपैकी एक झाले. अशा त्या शहरात ‘अय्यार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरुणांच्या टोळ्या होत्या. सत्ता दुबळी झाली की त्या बाजारपेठा वेठीस धरीत. ते स्वतःला ‘फित्यान’ म्हणवीत. फता म्हणजे तरुण, आणि फुतुव्वत म्हणजे तरुणाला शोभणारे औदार्य व शौर्य. बाराव्या शतकातील बगदादचे थोर विद्वान इमाम इब्नुल जौजी (रह.) यांनी ‘तलबीसे इब्लीस’ या ग्रंथात या लोकांवर नेमके बोट ठेवले आहे. ते म्हणतात, की हे लोक खोटे बोलत नाहीत, व्यभिचार करीत नाहीत, स्त्रियांची अब्रू राखतात असा तोरा मिरवतात; आणि लोकांचे धन लुटायला मात्र कचरत नाहीत, उलट आपल्या या रीतीलाच फुतुव्वत म्हणतात. सैतानाची फसवणूक ती हीच. तो माणसाला सगळे चांगले गुण सोडायला लावीत नाही. दोन-तीन गुण हाती ठेवू देतो, म्हणजे त्यांच्या आडोशाला मोठा अन्याय निर्धास्तपणे करता येतो. ‘आमचा भाई गरिबांना मदत करतो, रमजानमध्ये इफ्तार देतो’ असे कोणी सांगितले, की इब्नुल जौजींचे हे शब्द आठवावेत. पुढे खलीफा अन-नासिर (इ. स. ११८० ते १२२५) यांनी याच फुतुव्वतला शिस्त लावून, स्वतः तिचे प्रमुखपद घेऊन, तिला सन्मार्गी संघटनेचे रूप देण्याचा प्रयत्न केला. तरुणांचा जथा नुसता मोडून भागत नाही, त्याला दिशा द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

कुरआननेही तरुणांच्या जथ्याची निंदा केलेली नाही. नऊ जणांची कथा सांगणाऱ्या याच ग्रंथात सूरह कहफमधील गुहावासी तरुणांची कथा आहे, आणि तेथे त्यांच्यासाठी ‘फित्या’ हाच शब्द आहे (१८ : १३). तेही मोजकेच होते, तेही एकमेकांशी बांधलेले होते, तेही शहराच्या विरोधात उभे होते. आता दोन्ही जथे शेजारी ठेवून पाहा. नऊ जणांनी रात्रीचा आसरा घेतला. हे तरुण उघड उभे राहिले आणि आकाश व पृथ्वीच्या पालनकर्त्याखेरीज कोणाला हाक मारणार नाही असे म्हणाले. नऊ जणांनी खोटी साक्ष ठरवून ठेवली. यांनी सत्यासाठी घरदार सोडले. आणि दीर्घ निद्रेतून जागे झाल्यावर, भुकेल्या पोटी, त्यांनी काय केले? आपल्यातल्या एकाला आपले चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवले, सर्वांत शुद्ध अन्न कोणाकडे मिळते ते पाहून आणायला सांगितले, आणि सौजन्याने वागण्याची ताकीद दिली (१८ : १९). त्यांनी हफ्ता मागितला नाही. स्वतःच्या पैशाने, हलाल अन्न, सभ्यपणे. तरुणांच्या कोणत्याही मंडळासाठी ही तीन कलमे पुरेशी आहेत.

प्रेषितांनी (स.) मदीनेत हेच घडवले. औस व खजरज यांची वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. हजरत जाबिर (र.) सांगतात, की एका मोहिमेत एका मुहाजिराने एका अन्सारीला लाथ मारली. लगेच एकाने अन्सारांना आणि दुसऱ्याने मुहाजिरांना हाक दिली. प्रेषितांनी (स.) विचारले, ही अज्ञानकाळातली हाक कसली? आणि ती सोडून द्या, ती दुर्गंधीयुक्त आहे, असे बजावले. ध्यानात घ्या, ‘अन्सार’ आणि ‘मुहाजिर’ ही दोन्ही नावे खुद्द कुरआनने गौरवलेली आहेत. तरीही न्याय-अन्याय न पाहता जमवाजमव करण्यासाठी ती वापरली गेली, तेव्हा ती हाक जाहिलियतची ठरली. आपल्या भावाला, तो जुलूम करणारा असो वा जुलूम सोसणारा, मदत करा असे त्यांनी एकदा सांगितले, तेव्हा सहाबींनी विचारले की जुलूम करणाऱ्याला मदत कशी करायची? उत्तर मिळाले, की त्याचा हात धरून त्याला जुलमापासून रोखणे हीच त्याला मदत. टोळीतील बंधुत्व आणि इस्लामी बंधुत्व यांतील सीमारेषा हीच आहे. जेथे ‘नको, हे चूक आहे’ असे म्हणणाऱ्याला भाऊ मानले जाते, तो जथा इस्लामचा. आणि जेथे त्याला गद्दार म्हणतात, तो नऊ जणांचा.

आता, वाचकहो, आपल्या कर्तव्याकडे वळू.

घरापासून सुरुवात करू. सूरह फुरकानमध्ये (२५ : २७-२८) कियामतच्या दिवशी हात चावत पस्तावणाऱ्या माणसाचे चित्र आहे, जो म्हणेल की मी अमक्याला मित्र केले नसते तर बरे झाले असते. आपल्या मुलाच्या आयुष्यातील हा ‘अमका’ कोण, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्याच्या पाच मित्रांची नावे सांगता येतात का? इशानंतर तो कोणत्या नाक्यावर उभा असतो? मुलाच्या खिशात कमाईवाचून आलेला पैसा आणि अंगावर न मागता आलेला महागडा मोबाइल दिसल्यावर विचारणे हे आईचे व बापाचे दोघांचेही काम आहे. ‘पोरगा हाताशी आला’ असे समाधान मानून ते पैसे घरखर्चात घेतले, तर त्या हफ्त्यात आपलाही वाटा झाला.

दुसरी जबाबदारी मस्जिदीची. विल्यम फूट व्हाइट नावाचा अभ्यासक १९३० च्या दशकात बॉस्टनमधील एका इटालियन वस्तीत तीन-साडेतीन वर्षे राहिला. नाक्यावरच्या मुलांत तो वावरला. त्याच्या लक्षात आले, की वस्तीत समाजसेवेचे केंद्र आहे. पण तेथील सेवक बाहेरून आलेले, आणि त्यांचा जीव रमतो तो आधीच सभ्य व शिकत्या मुलांत. नाक्यावरची मुले केंद्राच्या दृष्टीने जणू नव्हतीच. आपल्या मस्जिदींचीही गत अशी तर नाही ना? पहिल्या रांगेतील मुलाला आपण ओळखतो; शंभर पावलांवरच्या पानटपरीपाशी उभ्या असलेल्या मुलाचे नावही आपल्याला ठाऊक नसते. तो जुम्याला उशिरा येतो, चपलांपाशी बसतो आणि सलाम फिरताच निघून जातो. त्याच्या केसांच्या ठेवणीवरून त्याला टोकणारे दहा असतात. त्याच्या शाळेची चौकशी करणारा एकही नसतो. प्रेषितांच्या (स.) मस्जिदीत ईदच्या दिवशी हबशी लोक भाल्यांचे खेळ खेळले आणि त्यांनी ते रोखले नाहीत. एका तरुणाने भर मजलिशीत व्यभिचाराची परवानगी मागितली, तेव्हा लोक त्याच्यावर धावून गेले, प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बोलावले, आपल्या आईबहिणीसाठी हे तुला चालेल का असे शांतपणे विचारले, त्याच्या अंगावर हात ठेवला आणि त्याच्यासाठी दुआ केली. मस्जिद समितीने रात्री अभ्यासासाठी एक खोली उघडी ठेवावी, मोहल्ल्यातील मेस्त्री, वायरमन, गॅरेजवाले यांनी प्रत्येकी एक मुलगा हाताखाली घ्यावा, आणि नाक्यावरच्या मुलांपैकीच कोणाला तरी जबाबदारी द्यावी. उसामा बिन जैद (र.) यांना सेनापती नेमले गेले, तेव्हा त्यांचे वय वीसही नव्हते.

तिसरी जबाबदारी साऱ्या मोहल्ल्याची, आणि ती अवघड आहे. नऊ जणांनी जे खोटे ठरवले होते, तेच आपण त्यांच्या वतीने बोलायचे नाही. ‘आम्ही काही पाहिले नाही’ हे वाक्य आपल्या वस्त्यांत फार सहज निघते. सूरह निसाने (४ : १३५) स्वतःच्या, आईबापांच्या व नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायाची साक्ष देण्याची आज्ञा केली आहे. तांदळाच्या डब्यामागे लपवलेला कोयता आईने पाहिला आणि ती गप्प राहिली, तर ती मुलाला वाचवीत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावरही अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. आणि टोळीत नाव आले, तर १९९९ चा मकोका आहे, ज्यात जामीन मिळणे महाकठीण असते. तोच कोयता वेळीच बापाच्या, इमामाच्या किंवा एखाद्या जाणत्या वकिलाच्या कानावर घातला, तर मुलगा अजून परत फिरू शकतो.

आणि जो शिक्षा भोगून परत आला आहे, त्याचे काय? एका मद्यपीला शिक्षा झाल्यावर लोकांनी त्याला शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले, आणि आपल्या भावाविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका असे सांगितले. सुटून आलेल्या मुलाला आपण काम दिले नाही, रांगेत शेजारी जागा दिली नाही, तर त्याला ‘ये, भाऊ’ म्हणणारी टोळी बाहेर उभीच आहे.

शेवटी दोन शब्द त्या तरुणासाठी, ज्याच्या घरात हा अंक आला आहे आणि जो कदाचित उभ्या उभ्या पान उलटीत असेल. बाळा, फुजैल बिन इयाज (रह.) हे नाव तू ऐकले असशील. हरमच्या परिसरात इबादत करीत आयुष्य घालवणारे हे थोर बुजुर्ग. पूर्वायुष्यात ते अबीवर्द आणि सरख्स यांच्या दरम्यान वाटमारी करीत. एका रात्री ते वाईट हेतूने एक भिंत चढत असताना कोणीतरी कुरआन पढत असल्याचा आवाज कानी आला. आयत सूरह हदीदमधील होती (५७ : १६), ज्यात श्रद्धावंतांची अंतःकरणे अल्लाहच्या स्मरणाने नरमण्याची वेळ अजून आली नाही का, असा प्रश्न आहे. फुजैल म्हणाले, हे पालनकर्त्या, वेळ आली आहे. ते खाली उतरले आणि एका पडक्या वास्तूत आसऱ्याला गेले. तेथे काही वाटसरू होते. आताच निघावे असे एक म्हणत होता. दुसरा म्हणत होता, सकाळपर्यंत थांबा, वाटेत फुजैल आहे. फुजैल यांनी विचार केला, मी रात्र पापात घालवतो आणि अल्लाहचे बंदे माझ्या भीतीने अंधारात दबून बसतात. त्या रात्री त्यांनी तौबा केली.

तू रात्री गल्लीतून जातोस, तेव्हा दारे लावून घेतली जातात का, ते एकदा ऐकून पाहा. तुला वाटते हा मान आहे. तुझे ‘भाऊ’ तुझ्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत येतील. तेथे प्रत्येक जण आपापली जबानी देईल. कबरीत तर कोणीच येणार नाही. सूरह जुख्रुफने (४३ : ६७) बजावले आहे, की त्या दिवशी जिवलग मित्र एकमेकांचे वैरी होतील, फक्त अल्लाहचे भय बाळगणारे सोडून. भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढलेल्यालाही खाली उतरता येते. तू नाक्यावरून मस्जिदीकडे दहा पावले टाक. पुढे होऊन तुझा हात धरणे हे आमचे काम आहे.

हे अल्लाह, आमच्या मुलांना गुहेतील तरुणांसारखे सोबती दे, आणि नऊ जणांच्या शपथेपासून त्यांचे रक्षण कर. आम्हां आईबापांना पाहण्याची नजर, विचारण्याचे धैर्य आणि सत्य सांगण्याचे बळ दे. जे वाट चुकले, त्यांच्यासाठी परतीचे दार आमच्या हातून कधी बंद होऊ देऊ नकोस. आमीन.